गुर्जर परदेशी, याला पुरावा कुठे आहे?

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत एक विधान पिढ्यानपिढ्या छापले जाते: गुप्त साम्राज्य ढासळले, हूणांच्या टोळ्या वायव्येकडून आल्या, त्यांच्याबरोबर गुर्जरही आले आणि पुढे त्यांचेच राजपूत झाले. विद्यार्थी ते पाठ करतात, शिक्षक फळ्यावर लिहितात आणि पुढे तेच विधान समाजमाध्यमांवरच्या भांडणात शस्त्र म्हणून बाहेर निघते. या विधानामागे समकालीन पुरावा किती, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. तो जवळजवळ नाहीच.

ही उपपत्ती आली कुठून? अलेक्झांडर कनिंगहॅमने गुर्जरांचे नाते कुषाणांशी लावले होते. मग १८९६ साली 'बॉम्बे गॅझेटियर'च्या गुजरातविषयक खंडात ए. एम. टी. जॅक्सनने भिनमाळवर लिहिताना गुर्जरांच्या प्रश्नाला तोंड फोडले. या उपपत्तीला खरा घाट दिला तो देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी गुर्जरांवर स्वतंत्र निबंध वाचला आणि १९११ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त हिंदू समाजातल्या परकीय घटकांवर प्रदीर्घ लेख लिहिला. व्हिन्सेंट स्मिथने हा विचार उचलला, आपल्या गाजलेल्या इतिहासग्रंथात घातला, आणि तिथून तो शाळा-कॉलेजांत झिरपला. भांडारकर हे मराठी विद्वत्तेचे भूषण. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या संजाण ताम्रपटाचे वाचन त्यांनी केले, अशोकावर ग्रंथ लिहिला. त्यांच्याविषयीच्या आदराला यत्किंचितही बाधा न आणता सांगितले पाहिजे की गुर्जरांच्या बाबतीत त्यांनी अनुमानावर अनुमान रचले आणि नंतरच्यांनी त्या अनुमानालाच पुरावा समजले.

युक्तिवादाचा कणा एवढाच आहे. गुर्जर हे नाव सातव्या शतकात ठळकपणे दिसू लागते. हूण त्याच्या थोडे आधी येतात. म्हणून गुर्जर हूणांबरोबर आले.

आता ज्या ग्रंथात हे नाव ठळकपणे येते तो ग्रंथच उघडून पाहू. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त हर्षाचा बाप प्रभाकरवर्धन याचे वर्णन करताना कवी त्याच्या शत्रूंची यादी देतो. हूणांना तो हरणांवर झेपावणाऱ्या सिंहासारखा, सिंधुराजाला तापासारखा, गुर्जरांची झोप उडवणारा, असे ते वर्णन आहे. एकाच दमात सांगितलेली ही यादी, आणि तिच्यात हूण वेगळे, गुर्जर वेगळे. हूणांची आक्रमणे ज्या घराण्याने प्रत्यक्ष अंगावर घेतली त्या ठाणेश्वरच्या दरबारातला हा कवी. गुर्जर हे हूणांचेच भाऊबंद असते तर ते त्याच्या कानावर आले नसते का?

दुसरा साक्षीदार युआन श्वांग. मिहिरकुल हूणाच्या क्रौर्याची हकिगत या चिनी यात्रेकरूने पानेच्या पाने लिहून ठेवली आहे. तोच यात्रेकरू गुर्जर राज्याविषयीही लिहितो. राजधानी भिल्लमाळ, म्हणजे आजचे राजस्थानातले भिनमाळ. राजा तरुण, बौद्ध धर्माचा आदर करणारा, आणि वर्णाने क्षत्रिय. हूण आणि गुर्जर या दोहोंविषयी लिहिणारा हा माणूस दोघांची सांगड घालणारा एक शब्दही लिहीत नाही. खुद्द हूणांचे लेख पाहावेत तर तोरमाणाचा एरणचा वराहमूर्तीवरचा लेख आहे, मिहिरकुलाचा ग्वाल्हेरचा लेख आहे, हूणांना नमवणाऱ्या यशोधर्म्याचा मंदसोरचा स्तंभ आहे. यांपैकी कशातही गुर्जर नाहीत.

आणि भिल्लमाळ म्हणजे काही घोड्यावरून नुकत्याच उतरलेल्या टोळीचा तळ नव्हता. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' पुरा केला तो चाप वंशाच्या व्याघ्रमुख राजाच्या कारकिर्दीत. परंपरा त्याला भिल्लमाळकाचार्य म्हणूनच ओळखते. शून्याशी करायच्या गणिताचे नियम ज्या गावाच्या नावाशी जोडले गेले, ते गाव जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मध्य आशियातून आलेल्या पशुपालकांनी आपली राजधानी केले होते, असे म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी आहे. ती आजवर कोणी पार पाडलेली नाही.

लोक एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जात नाहीत, असे कोणी म्हणत नाही. भारतात बाहेरून आलेले शक आहेत, कुषाण आहेत, हूण आहेत आणि त्यांची नाणी, लेख, परदेशी साधनांतले उल्लेख असा भरभक्कम पुरावा आहे. गुर्जरांच्या बाबतीत तसे एकही नाणे नाही, लेख नाही, सीमेपलीकडचा उल्लेख नाही. 'आले असतील' हे एका संशोधकाचे अनुमान म्हणून चालेल. 'आले' हे पाठ्यपुस्तकात चालणार नाही.

उरलेल्या पुराव्यांची गत याहून वाईट आहे. इतिहासात गुर्जर-प्रतीहार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातल्या, नवव्या शतकातल्या कन्नौजच्या भोजाला 'मिहिर' हे दुसरे नाव होते, म्हणून तो मिहिरकुलाच्या वंशातला, असे सांगितले जाते. मग ज्योतिषी वराहमिहिराचे काय करायचे? मिहिर हा शब्द मुळात इराणी मिथ्राशी जोडलेला असला, तरी भोजाच्या सुमारे तीनशे वर्षे आधीच तो संस्कृतात सूर्याचे नाव म्हणून रुळला होता. भोजाचा स्वतःचा दौलतपुरा ताम्रपट त्याच्या घराण्याची उपास्य दैवते पिढीवार नोंदवतो. देवशक्ती विष्णुभक्त, वत्सराज शिवभक्त, नागभट भगवतीचा भक्त, रामभद्र सूर्यभक्त, आणि भोज पुन्हा भगवतीचा भक्त. म्हणजे या वंशावळीतला सूर्यपूजक भोज नव्हे, त्याचा बाप. भोजाच्या नाण्यांवर 'श्रीमदादिवराह' आहे. एका नावावरून मध्य आशिया गाठणाऱ्यांनी त्याच राजाचा ताम्रपट आणि नाणी बाजूला ठेवली.

अग्निकुलाची कथा हा तिसरा आधार. अबूच्या डोंगरावर वसिष्ठाने यज्ञ केला, कुंडातून परमार, प्रतीहार, चौलुक्य आणि चाहमान हे चार वीर निघाले, अशी ती कथा. परकीयांना अग्नीने शुद्ध करून क्षत्रिय केल्याची ही आठवण आहे, असा अर्थ इंग्रज लेखकांनी काढला आणि आपल्याकडच्यांनी तो मान्य केला. पण अग्निकुंडातून जन्म झाल्याची गोष्ट जुन्या साधनांत फक्त परमारांपुरती आहे. पद्मगुप्ताच्या 'नवसाहसांकचरिता'त, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभी, ती येते. प्रतीहारांच्या स्वतःच्या लेखांत ती नाही. चारही कुळे एकत्र बांधली ती 'पृथ्वीराज रासो'च्या परंपरेने, आणि रासोचे आज मिळणारे रूप खूप उशिराचे आहे. नवव्या शतकातल्या राजाची जात ठरवण्यासाठी एवढ्या उशिरा भाटांनी गायलेली कथा पुढे करणे हा इतिहास नव्हे.

अलीकडे यात जॉर्जियाचीही भर पडली आहे. फारसीत जॉर्जियाला गुर्जिस्तान म्हणतात, म्हणून गुर्जर तिथले. काहींनी खझर लोक जोडले, काहींनी कनिष्काला गुर्जर सम्राट करून टाकले. ध्वनिसाम्यावर इतिहास रचायचा ठरवला तर जगात कोणालाही कुठूनही आणता येईल. दुःख याचे वाटते की परकीयत्वाचा जो शिक्का वसाहतकाळात या समाजावर बसवला गेला, तोच आज समाजातले काही लेखक अभिमानाने मिरवत आहेत.

या उपपत्तीला विरोध करणाराही मराठी माणूसच होता. चिंतामण विनायक वैद्यांनी आपल्या मध्ययुगीन भारताच्या इतिहासात भांडारकरांचा जोरकस प्रतिवाद केला आणि हर्षचरितापासून शिलालेखांपर्यंत साधने चाळून परकीयत्वाचा दावा खोडला. इथवर वैद्य बरोबर होते. पण त्यांनी पुढे इंग्रज अधिकारी रिस्लेने घेतलेल्या नाकांच्या मापांचा आधार घेऊन गुजर, जाट आणि राजपूत हे शुद्ध आर्य असल्याचे ठरवले. शरीराची मापे घेऊन वंश ठरवण्याचे ते शास्त्र पुढे मोडीत निघाले. वैद्यांच्या लेखनातला साधनांचा भाग घ्यावा, नाकांचा भाग सोडून द्यावा.

परकीय नव्हेत, मग गुर्जर कोण?

इथे दुसरी टोकाची बाजू उभी राहते आणि तिचाही समाचार घेणे आवश्यक आहे. कन्हैयालाल मुन्शींनी गुर्जरदेशाच्या वैभवावर ग्रंथ लिहिताना सांगितले की गुर्जर हे प्रदेशाचे नाव आहे, लोकांचे नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य खूप आहे. भोजाचाच ८४३ सालचा दौलतपुरा ताम्रपट दान दिलेले गाव 'गुर्जरत्राभूमी'तल्या डेंड्वानक विषयात, म्हणजे आजच्या डीडवाण्याच्या मुलखात असल्याचे सांगतो. मंडोरच्या प्रतीहार शाखेतल्या कक्कुकाचा ८६१ सालचा घटियाळा लेख आणखी बोलका आहे. आभीरांच्या त्रासाने उजाड झालेल्या रोहिन्सकूपात त्याने बाजारपेठ वसवली, महाजनांना आणून तिथे स्थिर केले, स्तंभ उभारले, आणि मरू, वल्ल यांच्याबरोबर गुर्जरत्रातल्या लोकांचेही प्रेम मिळवले. राजा इथे गुर्जरत्राची गणना इतर प्रदेशांबरोबर करतो. अरब लेखकांचे 'जुर्ज' हेही राज्याचेच नाव आहे. ८५१ च्या सुमारास सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या वृत्तांतात जुर्जच्या राजाचे घोडदळ हिंदुस्थानात सर्वांत उत्तम असल्याचे आणि तो अरबांचा कट्टर वैरी असल्याचे म्हटले आहे.

पण 'केवळ प्रदेश' म्हणणारे अलवर जिल्ह्यातल्या राजोरगडच्या लेखापाशी अडखळतात. तो लेख जवळून पाहण्यासारखा आहे. विक्रम संवत् १०१६, म्हणजे इ.स. ९६० च्या आसपास. मथनदेव नावाचा सामंत, त्याच्यावर कन्नौजचा विजयपालदेव. मथनाने आपल्या आईच्या, लच्छुकेच्या नावाने लच्छुकेश्वर महादेव स्थापला आणि देवाच्या खर्चासाठी व्याघ्रपाटक हे गाव दान दिले. या लेखात मथन स्वतःला गुर्जर-प्रतीहार अन्वयातला म्हणवतो. आणि त्याच दानात, गुर्जर कसतात ती शेजारची शेतेही देत असल्याचे सांगतो.

म्हणजे एकाच दगडावर गुर्जर दोनदा आहेत, एकदा राजकुळाच्या नावात, एकदा शेतात नांगर धरणाऱ्यांच्या नावात. भांडारकरांनी यातून राजा आणि शेतकरी एकाच परकीय टोळीचे, असा निष्कर्ष काढला. मुन्शींच्या बाजूच्यांनी पहिला उल्लेख देशवाचक ठरवला. दुसऱ्या उल्लेखाचे मात्र ते काही करू शकत नाहीत, कारण त्या शेतांत राबणारे गुर्जर नावाचे लोक दहाव्या शतकात तिथे होते, हे लेख स्वच्छ सांगतो. परकीयत्वाविषयी तो अवाक्षर काढत नाही.

कन्नौजचे सम्राट स्वतःला काय म्हणवत होते? भोजाची सागरतालची ग्वाल्हेर प्रशस्ती बालादित्य कवीने रचली. तिच्यात घराण्याचा मूळपुरुष लक्ष्मण, रामाचा द्वारपाल, म्हणजे प्रतीहार. नागभटाने म्लेच्छांच्या फौजा मोडल्याचा अभिमान तिच्यात आहे, गुर्जर हा शब्द नाही. मंडोरची शाखा आपला आरंभ हरिश्चंद्र नावाच्या ब्राह्मणापासून सांगते. त्याला दोन बायका, एक ब्राह्मण, दुसरी क्षत्रिय भद्रा, आणि त्यांच्यापासून प्रतीहारांच्या दोन शाखा. याच शाखेतल्या बाउकाचा ८३७ सालचा जोधपूर लेख हे सगळे न संकोचता सांगतो. भडोचचे दद्द आणि जयभट या राजांनी आधी स्वतःला गुर्जर नृपतींच्या वंशातले म्हणवले, पुढच्या पिढ्यांनी महाभारतातल्या कर्णाशी नाते जोडले. तीन घराणी, तीन मूळपुरुष.

शत्रू मात्र त्यांना गुर्जरच म्हणत. राष्ट्रकूटांच्या संजाण ताम्रपटात दंतिदुर्गाने उज्जयिनीत हिरण्यगर्भ दान केले तेव्हा गुर्जर राजाला दारावरचा प्रतीहार केले, अशी बढाई आहे. पालांच्या बादल स्तंभावर देवपालाने द्रविड आणि गुर्जर राजांचा गर्व उतरवल्याचे म्हटले आहे. ऐहोळेच्या ६३४ सालच्या प्रशस्तीत पुलकेशीपुढे नमलेल्यांत लाट, मालव आणि गुर्जर एकाच रांगेत आहेत. यांतल्या लाट आणि मालवांना कोणी परकीय टोळी म्हणत नाही, मग गुर्जरांनाच का?

कन्नौजच्या घराण्याच्या बाबतीत महाराष्ट्राला एक जवळचा साक्षीदार आहे. तिथल्या महेंद्रपाल राजाचा गुरू राजशेखर. त्याचा पणजोबा अकालजलद 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गौरवला गेला होता. 'कर्पूरमंजरी' लिहिणारा हा कवी आपल्या राजांना रघुकुलाचे तिलक म्हणतो. दरबारी कवीची ती स्तुती आहे, जन्मदाखला नाही. पण त्याच राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातली होती. ब्राह्मण कवीच्या घरी चाहमान बायको, मंडोरच्या ब्राह्मण मूळपुरुषाच्या घरी क्षत्रिय बायको. त्या काळाची ही वीण आजच्या जातींच्या यादीत बसत नाही.

ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी १९७६ मध्ये राजपूतांच्या उगमावर लिहिताना नेमके हेच दाखवले. राजस्थानात नवी जमीन लागवडीखाली आली, किल्ले बांधले गेले, वेगवेगळ्या थरांतली घराणी सत्तेवर आली, त्यांनी आपसात सोयरिकी केल्या, ब्राह्मणांकडून वंशावळी लिहून घेतल्या आणि काही शतकांत क्षत्रिय म्हणून स्थिरावली. गुर्जर नावाच्या लोकांमधून आणि गुर्जर नावाच्या देशातून अशी घराणी वर आली असणार. बाकीचे गुर्जर शेती करत, गुरे राखत राहिले. जुन्या साधनांशी सर्वांत कमी झटापट करावी लागते ती याच मांडणीला.

हे समजून न घेतल्याने काय होते ते सप्टेंबर २०२१ मध्ये दिसले. उत्तर प्रदेशातल्या दादरीत मिहिर भोजाचा पुतळा उभा राहिला आणि नामफलकावर 'गुर्जर' शब्द असावा की नसावा यावरून दोन समाज समोरासमोर आले. ग्वाल्हेरच्या पुतळ्यावरचा असाच वाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेला. ज्या शहराच्या किल्ल्यावर भोजाच्या काळातले चतुर्भुज मंदिर आहे, तेच हे ग्वाल्हेर. त्या मंदिराच्या ८७६ सालच्या लेखात बागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि देवाला रोज वाहायच्या माळा ५० असे आकड्यांत कोरले आहे, आणि त्या आकड्यांतले गोल शून्य भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांपैकी एक आहे. भोजाच्या किल्लेदाराने, अल्लाने, ते मंदिर बांधले. फलकावरच्या एका शब्दासाठी रस्त्यावर उतरलेल्यांपैकी किती जण तो लेख पाहायला किल्ला चढले असतील?

महाराष्ट्रातही हा उद्योग सुरू झाला आहे. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी धारातीर्थी पडलेले सरनोबत प्रतापराव गुजर यांना केवळ आडनावावरून प्रतीहारांचे वंशज ठरवणारे मजकूर फिरतात. पण हा शब्द प्रत्येक काळात एकाच अर्थाचा नव्हता. देवगिरीचा सिंघण यादव तेराव्या शतकात गुर्जरभूमीवर चालून गेला, तेव्हा समोर होता लवणप्रसाद वाघेला, चौलुक्यांचा मांडलिक. त्या काळच्या लेखनात गुर्जर म्हणजे अणहिलवाड्याचे राज्य. सातव्या शतकातला गुर्जर, तेराव्या शतकातला गुर्जर आणि सतराव्या शतकातले गुजर हे आडनाव एकाच दोऱ्यात ओवायचे तर मधल्या प्रत्येक शतकाचा कागद दाखवावा लागेल.

गुर्जर समाजाचा अस्सल इतिहास या भांडणात पार झाकला गेला आहे. जम्मू-काश्मीर आणि हिमाचलच्या डोंगरांत म्हशी घेऊन फिरणाऱ्या गुज्जरांची गोजरी ही भाषा राजस्थानी गटातली आहे. ग्रिअर्सनने भाषा सर्वेक्षणात तिचे मेवातीशी साम्य नोंदवले होते. हे लोक राजस्थानातून हिमालयापर्यंत कधी आणि का पसरले, वाटेत कुठे थांबले, पाकिस्तानी पंजाबातली गुजरात आणि गुजराँवाला ही शहरे त्यांच्याशी कशी जोडलेली आहेत? शहादा, तळोदा, चोपडा भागातले रेवे आणि दोडे गुजर शेतकरी तापीच्या खोऱ्यात कोणत्या काळात स्थिरावले, त्यांच्या कुलदेवता कुठल्या, भाट-वहीवंचांच्या वह्यांत काय आहे? या प्रश्नांवर मराठीत काम फारच थोडे झाले आहे. खानदेशातल्या जुन्या वह्या वाळवी लागण्याआधी उतरवून घ्यायला हव्यात, आणि ते काम समाजाच्या संस्था व विद्यापीठांचे इतिहास विभाग मिळूनच करू शकतात.

तोवर एक गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे. हूणांबरोबर गुर्जर आले हे वाक्य अभ्यासाच्या पुस्तकांतून काढून टाकावे, आणि त्या जागी राजोरगडच्या लेखातली ती शेते आणि ती शेते कसणारे गुर्जर यांची नोंद छापावी.